गंज घासावा महिन्यातून एकदा

खिळेमामांना हे नाव कुणी दिलं ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. परिचर म्हणजे काय, तर प्रयोग करतात ते दुसरे, आणि नंतर काचेची भांडी धुतो तो परिचर. एकतीस वर्षं त्यांनी धुण्याचं काम केलं, आणि असं केलं की त्यांनी धुतलेल्या नळीत आदल्या प्रयोगाचा थेंब सापडला अशी तक्रार एकदाही आली नाही. असा स्वच्छतेचा भोक्ता माणूस नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लोखंडावर गंज चढवायच्या नादी लागला, आता याला काय म्हणावं!

त्याचं असं झालं. मामांची मोठी बहीण, अक्का, गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन खोल्या आणि दारापुढे फरशीचा कट्टा. वस्तीत सगळेच हापशाचं पाणी प्यायचे. पाणी थंडगार, चवीला गोड, नाव ठेवायला जागा नाही. फक्त त्यात सोमल होता, म्हणजे मॅडमच्या भाषेत आर्सेनिक. तो जमिनीतूनच वर येतो, कुणी टाकलेला नाही, त्यामुळे भांडायलाही कुणी नाही. सोमलाला रंग नाही, वास नाही आणि घाई तर मुळीच नाही. पंधरा-वीस वर्षं तो माणसाच्या अंगात गुण्यागोविंदाने राहतो आणि मग एक दिवस तळहातावर उगवतो. अक्काच्या हातांवर आधी टणक पुळ्या आल्या, मग त्यांच्या भेगा झाल्या. तिला वाटलं, कामाचे घट्टे. दवाखान्यातून मलम आणलं, संपलं, पुन्हा आणलं. शेवटी मामांनी तिच्या हापशाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना नेऊन दिलं.

या मॅडम वयाने मामांच्या लेकीएवढ्या असतील, पण कामाला वाघ. स्वस्तातल्या वस्तूंनी पाणी शुद्ध करता येईल का, याच्या मागे त्या दोन वर्षं होत्या. कोळसा झाला, माती झाली, भुसा झाला. त्या बाटलीतलं पाणी दोनदा तपासून त्या म्हणाल्या, "मामा, तुमच्या अक्काला हे पाणी आजपासून बंद करायला सांगा."

"मग काय प्यायचं तिने?" मामांनी विचारलं.

त्याचं उत्तर म्हणजे तो फिल्टर. वर एक बादली, तिच्या बुडाला बारीक भोकं. बादलीत तळाला वाळू, वाळूवर पाच किलो गंजलेले खिळे, खिळ्यांवर विटांचे तुकडे. खाली पाणी साठवायला झाकणाचं उभट भांडं. लोखंडाच्या गंजाला सोमल चिकटतो, गंजाचे कण वाळूत अडकतात, पाणी तेवढं खाली उतरतं. इतकं सोपं की मामांना पहिल्यांदा फसवणूकच वाटली. फक्त खिळे चांगले गंजलेले हवेत. मग मामा भंगारवाल्याच्या दुकानात जाऊन बसू लागले. भंगारवाला जुना ओळखीचा, तोही गमतीचा माणूस. म्हणायचा, "अख्खं जग माझ्याकडे गंजला म्हणून माल आणून टाकतं, आणि तुम्ही गंजला नाही म्हणून परत करता!" मामा खिळे मिठाच्या पाण्यात बुडवायचे, उन्हात पसरायचे, पुन्हा बुडवायचे. पंधरा दिवसांनी खिळा असा लाल व्हायचा की हात लावला तर हातही लाल. नाव तिथूनच पडलं असणार.

वस्तीत ऐंशी घरांत फिल्टर बसवले. सोपं नव्हतं. "चांगल्या गोड पाण्यात गंजके खिळे टाकून पिऊ म्हणता? तुम्ही प्या!" असं बायका तोंडावर म्हणाल्या. मामा प्यायले. प्रत्येक दारात पेलाभर प्यायले, गंज कशाला लागतो ते समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. पहिलं वर्षभर ते दर महिन्याला घरोघर जायचे, विटा बाजूला करून खिळे बघायचे, पाण्याची बाटली भरून आणायचे. मॅडमकडे तपासणीची कागदी पट्टी होती. पाण्यात सोमल असला की ती पिवळी पडायची, जास्त असला की तपकिरी. वर्षभर ऐंशीच्या ऐंशी पट्ट्या पांढऱ्याफटक निघाल्या. अक्काच्या हातांच्या भेगा मिटायला लागल्या. एक दिवस तिने मूठ मिटून दाखवली आणि म्हणाली, "बाळ्या, बघ. चोळी पिळता येते आता." छप्पन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एवढंच एक माणूस उरलं होतं. मामा त्या दिवशी घरी जाताना स्वतःशीच हसत होते.

इथवर सगळं छान होतं. मग मामांचा गुडघा गेला.

गुडघा काही एका दिवसात जात नाही, पण ऐंशी उंबरे दर महिन्याला चढणाऱ्याला तो एका दिवसात गेल्यासारखा वाटतो. सकाळी उठताना पलंगाला धरून उभं राहावं लागे. बाटल्यांची पिशवी खांद्यावर घेतली की पाठ बोलायची. मामा थकले होते. साधे, सरळ थकले होते, आणि थकलो म्हणायची त्यांना लाज वाटत होती. त्यांनीच मॅडमना सुचवलं की वापराच्या सूचनांचा एक कागद छापून घरोघर देऊ, बायकांनी आपापल्या बाटल्या भरून अक्काच्या कट्ट्यावर आणाव्यात, म्हणजे मला एकाच ठिकाणी मिळतील. मॅडमना पटलं. त्यांनी लगेच मजकूर लिहून दिला. त्यात एक वाक्य होतं, 'संकलन पात्राची मासिक सफाई अनिवार्य.'

"मॅडम, हे वाचून वस्तीतल्या बायका संकलन पात्र शोधायला बाजारात जातील," मामा म्हणाले.

"मग तुम्हीच लिहा ना."

मामा रात्रीचं जेवण होताच लिहायला बसणारे नव्हते, त्यांनी रजेचा दिवस काढला. सगळा कागद त्यांनी घरच्या बोलीत उतरवला. संकलन पात्र म्हणजे ते खालचं उभट भांडं. मामांच्या आईने असल्या भांड्याला जन्मभर गंज म्हटलं. दुधाचा गंज, पाण्याचा गंज. मामांनी लिहिलं, 'महिन्यातून एकदा गंज स्वच्छ घासावा.' वाचून त्यांना आईचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "वा मामा, तुम्ही तर लेखक निघालात." आयुष्यात पहिल्यांदा मामांनी लिहिलेलं काहीतरी छापून आलं. एक प्रत त्यांनी घरच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवली, अधूनमधून काढून बघायचे.

तीन महिन्यांनी पहिली पट्टी पिवळी पडली.

चौथ्या महिन्यात अकरा पिवळ्या. पाचव्या महिन्यात चौतीस, आणि त्यातल्या काही तपकिरीकडे झुकलेल्या. मॅडमनी रसायनं बदलून पाहिली, पट्ट्यांचा नवा डबा फोडला, आकडे तेच. सहाव्या महिन्यात ज्या समितीने फिल्टरला परवानगी दिली होती तिचं पत्र आलं. पंधरा दिवसांत कारण सांगा, नाहीतर फिल्टर उचलून न्या. उचलून न्या म्हणजे वस्तीने पुन्हा हापशाला तोंड लावायचं. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, अक्काच्या हातांच्या भेगा पुन्हा उकलल्या. यावेळी बोटांच्या पेरांपर्यंत. मामा कट्ट्यावर बाटल्या मोजायचे आणि ती हात पदराखाली घ्यायची. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"खिळ्यांचाच दोष असणार," मॅडम म्हणाल्या. "भंगारवाल्याने मुलामा दिलेला माल मिसळला असेल. अहवालात तेच लिहिते. दुसऱ्याकडून खिळे घेऊ म्हटलं तर समिती कदाचित मुदत देईल."

 प्रत्येक खिळा मामांच्या हातून गेला होता. पण दुसरं कारण त्यांच्याकडे नव्हतं, आणि वाद घालायला अंगात त्राणही नव्हतं. ते पट्ट्यांच्या नोंदीची वही घेऊन स्टुलावर बसले. कुठली घरं पिवळी आणि कुठली पांढरी, एवढंच बघत राहिले. बघता बघता त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वस्तीत एक बाई होती, तिला सगळे पसारेबाई म्हणायचे. तिच्या घरात पाय ठेवायचा तर आधी पायाने जागा करावी लागे. तिची पट्टी सहाही महिने पांढरी. तिच्या शेजारचा दारुडा, त्याचीही पांढरी. आणि जिच्या फरशीत तोंड दिसावं अशी शिवणवाली, तिची पिवळी. ड्रायव्हरची बायको, दिवसातून दोनदा अंगण धुणारी, तिचीही पिवळी. सगळ्यांत गडद पट्टी अक्काची.

घाणेरड्या घरांतलं पाणी चांगलं आणि चकचकीत घरांतलं वाईट! मामांनी वही मिटली, चष्मा खिशात घातला आणि गुडघ्याला न विचारता वस्तीची वाट धरली.

अक्का दुपारची आडवी झाली होती. "आज कसा आलास? बाटल्यांचा दिवस नाही."

"जरा फिल्टर बघतो."

"बघ की. तुझ्या कागदाबरहुकूम ठेवलाय सगळा."

मामांनी विटांचे तुकडे बाजूला केले. खाली खिळे होते. पाच किलो खिळे, एकूण एक चांदीसारखे लखलखीत. मामांनी एक उचलला, तो बोटांतून निसटला. दुसरा उचलला आणि नाकाशी नेला. तेलाचा वास होता.

"हे काय केलंस अक्का?"

"काय केलं म्हणजे? कागदावर लिहिलंय ना, महिन्यातून एकदा गंज स्वच्छ घासावा. विटेची पूड घेते, सगळा गंज घासून काढते. आणि पुन्हा चढू नये म्हणून वरून तेलाचा हात फिरवते. आपली आई विळीला करायची तसा. बघ, डाग आहे का एक तरी?"

"अगं, गंज म्हणजे..." मामांनी खिळा परत बादलीत टाकला. "आई गंज कशाला म्हणायची?"

"भांड्याला. ते मला सांगतोस? पण भांडं तर मी रोज घासते, बाळ्या. रोज घासायच्या भांड्याला महिन्यातून एकदा घासा असं कोण कागदावर छापून देईल? म्हटलं, छापून दिलंय म्हणजे हे वेगळं काहीतरी आहे. शेजारणींना कळत नव्हतं, त्या विचारायला आल्या. फिल्टरवाल्याची बहीण म्हणून मलाच विचारणार ना! मी सगळ्यांना शिकवलं."

तिच्या बोलण्यात कुठेच चूक नव्हती. मामा कितीतरी वेळ त्यात चूक शोधत राहिले. गंज चढवायला ज्याने दोन वर्षं घालवली, त्यानेच गंज घासा म्हणून लिहून दिलं होतं. ध चा मा करायलाही कुणी दुसरा लागला नाही. आणि सहा महिने ते याच कट्ट्यावर बसून बाटल्या मोजत होते, आत जाऊन एकदा विटा उचलायच्या तर गुडघा आड आला होता.

"काय झालं? चुकलं का काही?" अक्काने विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. "खिळे बदलायचेत. जुने झाले." आणि पाच किलोंची पिशवी उचलून ते बाहेर पडले.

वाटेत त्यांना भंगारवाल्याचं दुकान लागलं. तो तराजू पुसत होता, त्याने हात वर केला, मामांनीही केला. अहवालात त्याचं नाव टाइप होऊन तयार असेल हे त्यांना माहीत होतं. गप्प राहिलं तर काय बिघडेल? खिळे तसेही बदलणारच. पाणी सुधारेल, फिल्टर राहतील, कुणाला काही कळणारही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल, पण संन्याशाचा धंदा मोठा, त्याचं एवढ्याने काही अडत नाही. हा विचार मामांच्या मनात आला, आणि चांगला शंभर पावलं टिकला. मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

मॅडमच्या टेबलावर त्यांनी पिशवी ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनी तेलकट खिळा हातात घेतला, कागद समोर ओढला, ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे मीही वाचलं होतं, मामा," त्या म्हणाल्या. "सही माझी आहे." मग त्यांनी विचारलं, "अक्कांना सांगितलंत?"

"नाही."

"समितीला मी सांगते. वस्तीला तुम्हाला सांगावं लागेल."

समितीने फिल्टर ठेवायला होकार दिला, पण घरोघर जाऊन दर महिन्याला खिळे डोळ्यांनी बघायची अट घालून. म्हणजे पुन्हा ऐंशी उंबरे. मामांनी अट ऐकली आणि मान हलवली. त्यापेक्षा एक उंबरा जड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अक्काकडे गेले तेव्हा ती दारातच बसली होती. मामा उभ्याउभ्याच बोलले. बसलो तर बोलणं होणार नाही, ही भीती होती. खिळ्यांवरचा गंज हेच औषध होतं, तो काढल्यावर फिल्टर नुसता देखावा, आणि ती कितीतरी महिने हापशाचंच पाणी पीत होती, हे त्यांनी तिला सांगितलं. लिहिताना माझं चुकलं, हेही सांगितलं.

अक्काने हात पदराबाहेर काढले आणि मांडीवर उपडे ठेवले. "घासताना फार चुरचुरायचं रे," ती म्हणाली. "विटेची पूड भेगांत जायची. एकदा वाटलं, या महिन्याला राहू दे. पण तू लिहिलं होतंस ना."

मामांना त्या जागी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. त्यांना माफी मागायची होती, पण एवढ्याशा चुकीलाही पुरेल असा शब्द त्यांना येत नव्हता, आणि ही चूक एवढीशी नव्हती. अक्का भिंतीला धरून उठली.

"ज्यांना मी शिकवलं, त्यांना सांगायला नको?" ती म्हणाली. "चल."

पहिलं दार शिवणवालीचं. मशीन थांबवून ती बाहेर आली. मामांनी तोंड उघडण्याआधी अक्काच बोलायला लागली, "अगं, माझं चुकलं बघ. कागद मला नीट वाचता आला नाही. गंज म्हणजे खालचं भांडं घासायचं होतं, मी तुला खिळे घासायला लावले. म्हातारी झाले आता."

शिवणवालीने अक्काकडे पाहिलं, मग आत फिल्टरकडे. "अहो अक्का, माझी पोर तेच पाणी पिते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो सगळा अक्काकडे होता. मामा तिथेच, एका हाताच्या अंतरावर उभे होते. गुडघा ठणकत होता. आत्ता बोललो की ती आपल्याकडे वळेल, विचारेल, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. नवे खिळे येईपर्यंत पाणी पसारेबाईच्या फिल्टरचं आणायचं, एवढं सांगून अक्का पायरी उतरली, आणि मामा तिच्या मागून उतरले.

दुसरं दार ड्रायव्हरच्या बायकोचं. ती अंगण धुवत होती. अक्काने तसंच सुरू केलं, "अगं, माझं चुकलं बघ, कागद मला..."

"अक्का, थांब," मामा म्हणाले. "वाचताना कुणाचं चुकलं नाही. लिहिताना माझं चुकलं. आणि सहा महिन्यांत मी एकदाही बघायला आलो नाही."

ड्रायव्हरच्या बायकोच्या हातातला झाडू थांबला. ती काय काय बोलली ते मामांनी सगळं ऐकून घेतलं. बरंच बोलली, आणि तिचा हक्कच होता. अक्का मध्ये पडली नाही.

दोघं बाहेर रस्त्यावर आली. तिसरं दार समोरच होतं. मामा तिकडे निघाले, अक्का जागची हलली नाही.

"काय झालं?"

"काही नाही," अक्का म्हणाली. "पहिल्याच घरी बोलला असतास, तर मला बरं वाटलं असतं."

मामा मागे वळले. शिवणवालीचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं. त्यांनी जाऊन तिच्या दाराची कडी वाजवली.